परदेशातला कोर्स: नाव बघून घ्यायचा का आतले विषय बघून? सोलापूरकरांनो, सांगा

धोटा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायची वेळ आली. माझा पुतण्या इचलकरंजीला बीटेक टेक्स्टाईलच्या शेवटच्या वर्षाला आहे, भावाचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचे माग आहेत. पोराला बाहेर जाऊन मास्टर्स करायचंय, हे ठरलेलं. आता पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीत दोघं जाऊन आले, तिथल्या मॅडमनी अर्ध्या तासात इंग्लंडचा एक वर्षाचा फॅशन बिझनेस मॅनेजमेंटचा कोर्स काढून दिला, फी आणि राहणं धरून २२ लाख, आठवड्यात डिपॉझिट भरा नाहीतर सीट जाईल म्हणे. भाऊ हबकलाय. पोरगं पण हबकलंय पण दाखवत नाही. मला एवढंच कळत नाही की चार वर्षं सूत, विणकाम, डाईंग शिकलेल्या पोराला फॅशन बिझनेस कशाला? टेक्स्टाईलचेच कोर्स बाहेर नाहीत का? कुणी गेलेलं असेल तर सविस्तर लिहा, बाकीच्या शाखावाल्यांनी पण लिहा, आपल्याकडून आता घरटी एक पोरगं जायलंय.

शेंगाचटणी
काय ओ धोटासाहेब, २२ लाखात एवढे माग येतील की पुतण्याला मालकच करून टाका 😄 जोक सोडा, आठवड्यात सीट जाईल म्हणणाऱ्याकडं परत पाऊल टाकू नका. ज्या विद्यापीठाकडून त्यांना कमिशन असतं तीच विद्यापीठं ते दाखवतात, बाकीची जगात नसल्यासारखी. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठातून त्यांना काय सुटत नाही, म्हणून जर्मनीचं नाव काढलं की "भाषेचा प्रॉब्लेम येतो" म्हणून विषय बदलतात. माझ्या मेव्हण्याला अगदी हेच सांगितलं होतं.

आखेनचा_आप्पा
धोटाकाका, मी मूळचा भवानी पेठेतला, आता जर्मनीत आखेनला आहे, टेक्स्टाईलवालाच, म्हणून जरा लांबलचक लिहितो, सहन करा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. कोर्सच्या नावावर जाऊ नका आणि देशावर तर अजिबातच जाऊ नका. प्रत्येक कोर्सचं मॉड्यूल हँडबुक वेबसाईटवर पडलेलं असतं, पन्नास-शंभर पानांची पीडीएफ, त्यात प्रत्येक विषयात काय शिकवणार, किती तासांचं, परीक्षा तोंडी का लेखी, आधी काय आलं पाहिजे, सगळं लिहिलेलं असतं. ती पीडीएफ उघडलेला माणूस मला आजवर फार कमी भेटलाय. लोक रँकिंग बघतात, शहराचे फोटो बघतात आणि अर्ज करतात.

टेक्स्टाईलसाठी जर्मनीत बघायची ठिकाणं म्हणजे इथं आखेनला आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाचं टेक्स्टाईल इन्स्टिट्यूट, ड्रेस्डेनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतलं टेक्स्टाईल मशिनरीचं इन्स्टिट्यूट, म्योन्शनग्लाडबाखला हॉखशुल (म्हणजे प्रात्यक्षिकावर भर देणारं विद्यापीठ) नीडरऱ्हाइनची अख्खी टेक्स्टाईल फॅकल्टी, आणि रॉयटलिंगन. म्योन्शनग्लाडबाखला तर ऱ्हाइनचं मँचेस्टर म्हणायचे, म्हणजे गिरण्या, भोंगे, मग गिरण्या बंद, आपल्याच सोलापूरची गोष्ट. फरक एवढाच की गिरण्या गेल्या तरी शिकवणारे राहिले.

मी पहिल्यांदा लॅबमध्ये गेलो तेव्हा समोर डॉर्निअर कंपनीचा बिनधोट्याचा (शटल नसलेला) माग होता आणि त्यावर काळं कुळकुळीत कार्बन फायबर विणायचं चाललं होतं. ताणा तोच, बाणा तोच, बीम पण तसाच भरलेला. पण एक धागा तुटला तर आपल्याकडं कामगार कसा चटकन हात घालून गाठ मारतो, तसं इथं चालत नाही, गाठ पडली की तो तुकडा गेला, कारण उद्या त्याचा विमानाचा भाग होणार. आयुष्यभर माग बघितलेला मी तिथं दहा मिनिटं नुसता उभा होतो. हे शिकायला पोरगं येणार असेल तर येऊ दे. फॅशन बिझनेसमध्ये हे नाही.

आता वाईट बाजू. टेक्स्टाईलचे बरेच कोर्स जर्मन भाषेत आहेत, इंग्रजीतले मोजके. आणि आखेनमध्येसुद्धा जे इंग्रजी मास्टर्स तिथल्या इंटरनॅशनल अकादमीतर्फे चालतात त्यांना चांगली तगडी फी आहे, "जर्मनीत फुकट" हे सगळीकडं खरं नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात (रॉयटलिंगन त्याच राज्यात), म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनं पण २०२४ पासून फी लावली. बाकी बहुतेक सरकारी ठिकाणी सेमिस्टरची शंभर ते साडेतीनशे युरो वर्गणी, त्यात बऱ्याच ठिकाणी बस-रेल्वेचा पास येतो.

धोटा
आप्पा, तुम्ही देवमाणूस आहात. पण अॅडमिशनला काय लागतं? पोराचा सीजीपीए ७.६ आहे. कन्सल्टन्सीवाल्या म्हणाल्या, एवढ्यात जर्मनी होत नाही.

आखेनचा_आप्पा
काका, देव वगैरे नको, पहिल्याच सेमिस्टरला एका पेपरात दोनदा आपटलोय मी. इथं बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी, तिसऱ्यांदा गेलात की कोर्समधूनच बाहेर, तेव्हा रात्रभर झोप नव्हती.

७.६ चं गणित असं बघा. जर्मनीत १ सगळ्यात भारी आणि ४ म्हणजे काठावर पास. दहातून ७.६ वजा केले, राहिले २.४. पास व्हायला किमान ४ लागत असतील तर दहातून ४ गेले ६. २.४ भागिले ६ म्हणजे ०.४, त्याची तिप्पट १.२, त्यात १ मिळवा, झाले २.२. बऱ्याच कोर्सना अट २.५ ची असते, म्हणजे पोरगं बसतंय की. मॅडमनी हे गणित केलंच नसणार. मात्र त्याच्या ग्रेडकार्डच्या मागं किमान पासिंग किती छापलंय ते बघा, ते ५ असेल तर उत्तर बदलतं.

पण खरी चाळणी मार्कांची नाही, विषयांची. इथले क्रेडिट वेगळे, वर्षाला ६० धरतात. आपल्या बीटेकचे साधारण १६० क्रेडिट असतात आणि चार वर्षांचे इथले २४०, म्हणजे आपला ४ क्रेडिटचा विषय इथं बरेच जण ६ धरतात. मग कोर्सच्या अटीत लिहिलेलं असतं, गणिताचे एवढे, मेकॅनिक्सचे एवढे, मटेरियलचे एवढे पाहिजेत. तिथं पोरं गळतात. मार्क ९ असले तरी गळतात. म्हणून एक वही घ्या, डाव्या बाजूला त्यांची अट, उजव्या बाजूला पोराचा सिलॅबस. जुळतंय का बघा, मग अर्ज करा. एका अर्जामागं दोन संध्याकाळी जातात पण पुढचे पैसे वाचतात.

रालेकर
अमेरिकेतून हात वर करतो. नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीचं विल्सन कॉलेज ऑफ टेक्स्टाईल्स इथं रालेला आहे, टेक्स्टाईलसाठी अख्खं स्वतंत्र कॉलेज. खर्च मात्र जर्मनीच्या कितीतरी पट, त्यामुळं असिस्टंटशिप मिळाली तरच या असं माझं स्पष्ट मत.

आप्पाच्या नाव-विरुद्ध-विषय मुद्द्याला आमच्याकडची भर घालतो. इथं प्रत्येक कोर्सला एक कोड असतो, सीआयपी कोड, तो आय-२० वर (विद्यापीठ व्हिसासाठी देतं तो कागद) छापून येतो. तो कोड स्टेम यादीत (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) असेल तर शिक्षण झाल्यावर १२ महिने अधिक २४ महिने काम करायची परवानगी मिळते, नसेल तर फक्त १२. टेक्स्टाईल इंजिनिअरिंग यादीत आहे. फॅशन मर्चंडायझिंग साधारणपणे बिझनेस किंवा डिझाईनच्या कोडात जातं. दोन कोर्स एकाच बिल्डिंगमध्ये, नावं पण सारखी वाटतात, आणि एका पोराला तीन वर्षं, दुसऱ्याला एक. अर्ज करायच्या आधी विद्यापीठाला सरळ मेल टाकून कोड विचारायचा, उत्तर देतात.

पार्कचौक
इंग्लंडला शिव्या घालायच्या आधी थोडं ऐका. मी एक वर्षाचं मास्टर्स तिथंच केलंय आणि पस्तावलो नाही, कारण मी मेकॅनिकलवरून डेटाकडं वळणार होतो आणि तिथं वेगळ्या शाखेतून येणाऱ्यांसाठी कन्व्हर्जन कोर्स असतात, जर्मनीनं मला दारातसुद्धा उभं केलं नसतं. म्हणजे शाखा बदलायचीये तर इंग्लंड, आयर्लंड बघा. शाखा तीच ठेवून खोल जायचंय तर आप्पा म्हणतो ते. पण नवीन नियम माहीत असू द्या, शिक्षणानंतर तिथं दोन वर्षं थांबता यायचं, १ जानेवारी २०२७ पासून जे त्यासाठी अर्ज करतील त्यांना १८ महिनेच मिळणार. आणि २०२४ पासून वर्गात शिकायच्या (संशोधनाच्या नव्हे) मास्टर्सवाल्यांना बायको-नवऱ्याला सोबत नेता येत नाही, आमच्या ओळखीत एकाचं लग्न याच्यावरून पुढं ढकललं गेलं.

जुळे_सोलापूर_मावशी
माझा प्रश्न वेगळा आहे, इथंच विचारू का? मुलीला नीटमध्ये कमी मार्क पडले, पात्र आहे पण सरकारी मिळणार नाही. एकजण किर्गिझस्तान का कझाकस्तान म्हणतोय, एकजण जॉर्जिया. सगळे म्हणतात एमसीआय (मेडिकल कौन्सिल) मान्यता आहे. खरं काय ते सांगा बाळांनो.

गोळ्या_दिवसातून_दोनदा
मावशी, मी परदेशातून एमबीबीएस करून आलोय, म्हणून ऐका. पहिलं म्हणजे एमसीआय राहिलीच नाही, २०२० पासून नॅशनल मेडिकल कमिशन आहे, ज्याला हे माहीत नाही त्याच्याकडून अॅडमिशन घेऊ नका. दुसरं, कमिशन बाहेरच्या कॉलेजांना "मान्यता" असं देत नाही. १८ नोव्हेंबर २०२१ चे नियम आहेत आणि तुमचा कोर्स त्यात बसला पाहिजे: शिक्षण किमान ५४ महिने, त्याच संस्थेत १२ महिने इंटर्नशिप, सगळं इंग्रजी माध्यमातून, आणि ज्या देशात शिकली तिथं डॉक्टरकी करायला तिथला माणूस जसा पात्र होतो तशी ती पात्र झाली पाहिजे. परत आल्यावर परीक्षा, आणि इथं पुन्हा १२ महिने इंटर्नशिप. नीट पात्रता लागतेच.

मी सांगतो लोक कुठं फसतात. "इंग्रजी माध्यम" म्हणून ब्रोशरमध्ये असतं आणि तिसऱ्या वर्षापासून वॉर्डात पेशंट त्यांच्या भाषेत बोलतो, शिकवणारा पण हळूहळू त्याच भाषेत सरकतो. कागदावर दोन भाषा आल्या तर इकडं अडतं. म्हणून कॉलेजकडून महिन्यांचा हिशोब आणि माध्यम लेटरहेडवर लिहून घ्या, एजंटाकडून नाही. आणि परीक्षेचं ऐकून ठेवा, ३०० पैकी १५० लागतात, ऐकायला सोपं वाटतं पण २०२३ च्या डिसेंबरला आणि २०२४ च्या जूनला पाचातला एकच पास झाला. मी दुसऱ्या खेपेला झालो. मुलगी खरंच अभ्यासू असेल तर पाठवा, घरात डॉक्टर हवा म्हणून पाठवू नका.

कडकभाकरी
मावशी, भैय्या चौकातनं जाताना कोटणीस डॉक्टरांचं स्मारक दिसतं ना, आपला माणूस १९३८ ला चीनला गेला, पण तो मुंबईत डॉक्टर होऊन मग गेला 🙂 माझी आजी दरवेळी हे ऐकवते.

मला आखेनच्या दादाला विचारायचंय, मी बीएस्सी केमिस्ट्री, तीन वर्षांची. चालते का?

आखेनचा_आप्पा
जर्मनीत बऱ्याच ठिकाणी चालते, कारण इथली बॅचलर पण तीनच वर्षांची असते. पण पुन्हा तेच, केमिस्ट्रीचे विषय किती खोल झालेत ते बघतात, प्रॅक्टिकलचे तास मोजतात. अमेरिकेत विद्यापीठागणिक वेगळं उत्तर मिळेल. तुमच्या मागच्या पोरापोरींना नवीन धोरणात चौथं वर्ष करायची सोय आहे, त्यांनी विचार करावा. बारावीवर थेट यायचं असेल तर नुसत्या बारावीवर विद्यापीठात घेत नाहीत, आधी एक वर्षाचं श्टुडिएनकोलेग (परदेशी विद्यार्थ्यांचा तयारीचा वर्ग) आणि त्याची परीक्षा, किंवा भारतात एक वर्ष कॉलेज करून मग.

भाषेचं आत्तापासून सुरू करा. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आहे, परीक्षेला सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून जायचं आणि संध्याकाळी तिनंच परत. मी तसंच केलं, पाठांतर सगळं कुर्डुवाडी ते दौंड.

निवृत्त_बँकवाला
लोनवर कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. ३१ वर्षे बँकेत काढली, शेवटची काही कर्ज विभागात.

धोटा, तुमच्या भावाला सांगा की आधी तारण बघ, मग विद्यापीठ. साडेसात लाखांपर्यंत साधारणपणे तारण मागत नाहीत, त्यावर मागतात. नामांकित विद्यापीठांची यादी काही सरकारी बँकांकडं असते, त्यात नाव असेल तर तारणाशिवाय मोठी रक्कमही होते. आपल्याकडं लोक सातबारा घेऊन येतात, दहा एकर बागायत, द्राक्षं, सगळं असतं, आणि शेतजमीन आम्ही तारण धरत नाही म्हटलं की माणूस उठून जातो. एनए (बिगरशेती) प्लॉट, फ्लॅट, मुदत ठेव चालते. आणि गुंठेवारीतला प्लॉट नियमित केलेला नसेल तर ते प्रकरण पुढं सरकत नाही. एक बाप माझ्यासमोर रडला होता, पोराचा व्हिसा आलेला आणि घर गुंठेवारीत. हे काम सहा-आठ महिने आधी बघायचं असतं.

पीएम विद्यालक्ष्मी योजनेचं नाव ऐकून लोक येतात, ती भारतातल्या ठरलेल्या संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही. कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट मिळते, आठ वर्षं, पण जुन्या करप्रणालीत. पैसे बाहेर पाठवताना वर्षाला १० लाखांपर्यंत टीसीएस (पाठवताना बँक वसूल करते तो कर) लागत नाही आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवले तर त्यावरही लागत नाही.

शेंगाचटणी
स्कॉलरशिप पण सांगा की कोणतरी. मला माहितीय तेवढं: अनुसूचित जातीच्या पोरांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, मराठा-कुणबीसाठी सारथी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावाची, आणि ओबीसी, विमुक्त-भटके, विशेष मागास प्रवर्गासाठी राज्याची वेगळी. आपल्याकडचा पद्मशाली समाज विशेष मागास प्रवर्गात येतो, आणि माझ्या अख्ख्या गल्लीत हे माहीत असणारा एक माणूस नव्हता. फी, राहणं, विमानाचं तिकीट, सगळं निघतं. जागा थोड्या असतात पण अर्ज करणारे पण आपल्याकडनं कुठं असतात?

आखेनचा_आप्पा
शेंगाचटणी, इथंच गोम आहे. त्या योजनांना विद्यापीठ क्यूएस या जागतिक रँकिंगमध्ये वरच्या २०० मधलं लागतं. आखेन त्यात बसतं. पण म्योन्शनग्लाडबाखसारखं हॉखशुल, जिथं टेक्स्टाईल खरं हातानं शिकवतात, ते त्या रँकिंगमध्ये येतच नाही. म्हणजे स्कॉलरशिप एकीकडं आणि योग्य कोर्स दुसरीकडं. मी यावर चिडून पानं भरून लिहू शकतो पण नको.

मधला एक रस्ता म्हणजे इरास्मस मुंडस. युरोपातली काही विद्यापीठं मिळून एक मास्टर्स, निवड झाली तर महिन्याला १४०० युरो आणि फी माफ. टेक्स्टाईलमध्ये बेल्जियमच्या गेंट विद्यापीठाचा वी-टीम नावाचा कोर्स याच प्रकारातला. पुतण्याला त्याचं पान आजच बघायला सांगा, चुरस जगभरातून असते.

धोटा
मंडळी, दहा दिवसांनी लिहितोय, माफ करा, मध्ये लग्नसराईच्या ऑर्डरी होत्या.

आप्पा म्हणाले तशी वही केली. कारखान्याच्या ऑफिसात बसलो, मी, भाऊ, पोरगं. बाहेर माग चालू, त्यामुळं ओरडून बोलायचं. पोरगं हँडबुक वाचून मराठीत सांगतंय, भाऊ ऐकतोय. आधी तो इंग्लंडचा कोर्स काढला. ब्रँडिंग, रिटेल, कंझ्युमर, सोशल मीडिया, पानं संपली, विणकामाचा एक तास नाही. भाऊ म्हणाला, टॉवेल विकायचंच शिकायचंय तर माझ्याबरोबर वर्षभर फिर, वर पगार देतो. मग जर्मनीचं एक काढलं, त्यात कंपोझिट, जिओटेक्स्टाईल, मशिन डिझाईन. भावानं चष्मा काढून विचारलं, जिओ म्हणजे रस्त्याखाली टाकतात ते का? तो मघापासून पहिल्यांदाच काहीतरी विचारत होता.

वहीत एक भोक पडलं, मेकॅनिक्सचे क्रेडिट ४ नं कमी पडायलेत. पोराचं तोंड उतरलं. त्याचं काय करायचं? आणि दुसरं, ब्लॉक अकाउंट म्हणून काहीतरी १२ लाख म्हणतात, ती फी का काय?

आखेनचा_आप्पा
फी नाही काका. वर्षाला ११,९०४ युरो तुमच्याच नावानं खात्यात ठेवायचे, इथं आल्यावर दर महिन्याला ९९२ सुटतात, खायला-राहायला. पैसे तुमचेच. शिवाय विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, पण त्या भरवशावर निघू नका.

४ क्रेडिटसाठी विद्यापीठाला आत्ताच मेल करा, सिलॅबस जोडून. काही ठिकाणी अट घालून घेतात, तो विषय इथं येऊन पास व्हायचा. काही ठिकाणी घेत नाहीत. शेवटचं सेमिस्टर बाकी असेल तर तसलाच एखादा इलेक्टिव्ह घेता येतो का हे कॉलेजात विचारा.

एपीएसचं (आपली शैक्षणिक कागदपत्रं जर्मनीसाठी तपासणारं केंद्र) सर्टिफिकेट सगळ्यात आधी, भारतातून येणाऱ्यांना ते २०२२ पासून सक्तीचं आहे, १८,००० रुपये, त्याशिवाय बहुतेक ठिकाणी अर्ज पुढं जात नाही. आणि पासपोर्ट काढलाय का? नावाचं बघा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, खाली आईचं. पासपोर्टवर वेगळी मांडणी. माझ्या एका रूममेटच्या आधारवर आडनावात एक अक्षर जास्त होतं, त्या एका अक्षरासाठी दोन महिने गेले.

धोटा
पासपोर्ट आहे. आता काढून बघितला. मार्कशीटवर भावाचं नाव पूर्ण आहे आणि पासपोर्टवर नुसतं आद्याक्षर. 🤦

निवृत्त_बँकवाला
उद्या सकाळीच कामाला लागा. दोन्ही नावं एकाच माणसाची असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून ठेवा, पण त्यावर थांबू नका, पासपोर्टच दुरुस्त करून घ्या. बँकेत पण तेच नाव लागणार आहे. आणि भावाला विचारा, कारखान्याची जागा कुणाच्या नावावर आहे.